म्हापशात सामूहिक कलाप्रदर्शन: पॅनेल, दिवे, दमट हवा आणि शुक्रवारचा बाजार (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तीनरस्ते

बार्देसाला, म्हणजे म्हापशाच्या तालुक्याला, चित्रकारांची वानवा कधीच नव्हती. फ्रान्सिस न्यूटन सूझा १९२४ साली साळगावात जन्मले. वासुदेव गायतोंडे त्याच वर्षी नागपुरात जन्मले, तरी घराणं गोव्याचंच. आज पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे. म्हापशापासून तेरा किलोमीटरवर पणजीत कला अकादमी, मिनेझिस ब्रागांझा संस्था, आल्तिन्याच्या टेकडीवर कला महाविद्यालय आणि सुनापरान्त हे कलाकेंद्र. म्हापशात मात्र चित्र बघायचं झालं तर फ्रेमवाल्याच्या दुकानासमोर उभं राहावं लागतं. चवथीच्या गणेशमूर्ती करणारे, दिवाळीला नरकासुराचे पुतळे उभारणारे, नाटकाचे पडदे नि दुकानांचे बोर्ड रंगवलेले जुने हात, जलरंगवाले, शाळांतले कलाशिक्षक, सगळे शहरात आहेत. एकमेकांचं काम कुणी पाहिलेलं नाही एवढंच.

विचार असा आहे: गुरुवार ते रविवार सामूहिक प्रदर्शन, साधारण ६० कामं, सुमारे २००० चौरस फुटांचा हॉल. भिंतींना खिळा मारायला परवानगी नाही. पैसे बेताचे. निवड कशी करावी, पॅनेल कसली, दिवे किती, विक्रीचा हिशेब कसा, तारीख कुठली, यावर नेमकं सांगा. शुभेच्छा पोचल्या असं धरून चालतो.

बार्देसची_बाई

तारखेपासून सुरुवात करा, बाकी सगळं तिच्या मागून येतं.

जून ते सप्टेंबर बाद. पावसात बंद हॉलमधली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते, आणि ती ६५-७० च्या वर काही दिवस टिकली की कागदावर आणि कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरतेच. दिवाळीपर्यंत नरकासुरवाली पोरं कुणाच्या हाताला लागत नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटी इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरच्या मध्यावर सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव. त्या दिवसांत बघणारा, छापणारा आणि दिवे भाड्याने देणारा, तिघेही पणजीत असतात. बोडगेश्वराच्या जत्रेत म्हापशात स्कूटर लावायला जागा मिळत नाही. उरतो जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. कार्निव्हल त्या वर्षी कधी आहे ते बघून घ्या आणि शाळांच्या परीक्षांच्या आत उरका.

गुरुवार ते रविवार हा बेत उत्तम, पण त्यातला शुक्रवार खरा. बाजाराला पेडणे, डिचोली, अख्खं बार्देस येतं. त्या दिवशी सकाळी ८ ला दार उघडा, कारण दुपारी १ नंतर बाजारकरी घरच्या वाटेला लागतो. इतर दिवशी १० ते १ आणि ४ ते ८ पुरे. दाराशी एक लांब टेबल आणि टोकनं ठेवा. सुक्या मासळीची पिशवी किंवा मयड्याच्या केळ्यांचा घड घेऊन कुणी चित्रांमधून फिरू नये, पण पिशवी आहे म्हणून त्याला परतही पाठवू नये. त्या टेबलावर एक माणूस कायम हवा.

गुरुवारची सकाळ शाळांना द्या. २५ मुलांची तुकडी, अर्धा तास, मग पुढची. त्यापेक्षा मोठी तुकडी आली की मुलं एकमेकांच्या पाठी बघून घरी जातात.

आणि दीपप्रज्वलन हॉलच्या बाहेर, सोप्यावर. समईचा धूर, तेलाचे हात, शाल-श्रीफळाची गर्दी, यातलं काही चित्रांच्या तीन फुटांत नको. उद्घाटन बुधवारी संध्याकाळी उरकलंत तर पाहुणे उशिरा आले म्हणून शाळेची मुलं दाराबाहेर ताटकळणार नाहीत.

चौकटवाला

पॅनेलवर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रदर्शनं तिथेच झोपतात, कधीकधी अक्षरशः.

आधी गणित. जलरंगाच्या कागदाचा अर्धा ताव १५ बाय २२ इंच असतो. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) आणि फ्रेम धरून तो साधारण २१ बाय २८ होतो. चार फूट रुंदीच्या पॅनेलवर असं एकच काम नीट दिसतं. दोन लावली की दोन्ही मरतात. दोन्ही बाजू वापरल्या तर ६० कामांना ३० पॅनेल. तीन-तीन पॅनेल बिजागऱ्यांनी जोडून नागमोडी उभी केली की १० संच. दोन पॅनेलमधला कोन १२० अंश ठेवलात तर एक संच साडेदहा फूट लांब आणि दोन फूट खोल जागा घेतो. दोन संचांमध्ये किमान ७ फूट वाट सोडा: पाच-सहा फुटांवरून चित्र बघायचं आणि मागून व्हीलचेअर जायची, दोन्ही त्यात बसतं. २००० चौरस फुटांत हे सगळं मावतं, दाराशी टेबलालाही जागा उरते.

बनवायची कशी? ८ बाय ४ फुटांची १२ मिमी प्लायची एकेरी शीट सुमारे २२ किलोची असते. स्वस्त पडते, पण नुसती उभी केली तर आमच्या हवेत दोन महिन्यांत धनुष्य होते. त्यापेक्षा २ बाय १ इंच लाकडी चौकट करून दोन्ही बाजूंनी ६ मिमी प्लाय ठोका. वजन २७ किलोच्या आसपास, दोन माणसं आरामात उचलतात, आणि दोन्ही तोंडं सफाईदार मिळतात. यात एक मेख आहे: ६ मिमी प्लायमध्ये स्क्रू धरत नाही. म्हणून चौकट करतानाच जमिनीपासून ६० ते ७५ इंचांच्या पट्ट्यात आतून आडव्या फळ्या घाला. स्क्रू तिथेच पडणार आहेत. फळी कुठे आहे ते पॅनेलच्या कडेला पेन्सिलीने खूण करून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी मांडणी करणारा पोकळीत स्क्रू फिरवत बसेल.

प्लाय घेताना शिक्का बघा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराची; त्यातली एमआर, म्हणजे थोडी ओल सोसणारी, ही साधी प्रत. आयएस ७१० म्हणजे मरीन. सगळी मरीन परवडणार नाही; ३०३ घ्या, पण चारही कडांना, विशेषतः खालच्या कडेला, प्रायमरचे दोन हात द्या. पाणी कडेतून शिरतं, तोंडातून नव्हे. वरून फिकट राखाडी मॅट इमल्शन. पांढरंशुभ्र नको, त्यावर प्रकाश पडला की चित्रातला पांढरा मळकट दिसतो. रंग लावल्यावर आठवडाभर वाळू द्या. ओल्या इमल्शनला फ्रेम चिकटते आणि काढताना पापुद्रा घेऊन येते.

सरळ रेषेत पॅनेल कधीच उभी करू नका, एक मूल टेकलं की सगळी रांग जाते. नागमोडी संचालाही दोन्ही टोकांना पायात आडवी पट्टी आणि तिच्यावर ५-५ किलोच्या वाळूच्या पिशव्या हव्यात.

पडदा_उघडा

एवढा खटाटोप कशाला? मंडपवाल्याकडून लोखंडी सांगाडे आणि वर ताणलेलं कापड घ्या. अर्ध्या दिवसात उभं होतं, रविवारी रात्री तो घेऊन जातो. साठवणुकीची कटकट नाही.

चौकटवाला

पडदा_उघडा बाब, कापड नाटकाला चांगलं. काचेची फ्रेम तीन-चार किलोची असते. ती कापडावर टांगत नाहीत, वरच्या पाइपला दोरीने लोंबकळवतात. पंखा लागला की साठ चित्रं झोके घेतात आणि एकमेकांशी उंची जुळत नाही. शिवाय मंडपाचं भाडं दर वर्षी द्यायचं आणि हातात काही उरत नाही. पॅनेलचा खर्च एकदा होतो आणि नंतर कुणाही चित्रकाराला, शाळेला, क्लबाला ती वापरायला देता येतात. शहरात वर्षातून चार छोटी प्रदर्शनं व्हावीत असं वाटत असेल तर आधी शहराच्या मालकीची भिंत हवी. ३० एकदम जमत नसतील तर १५ करा आणि ३० कामं लावा. पहिल्या वर्षी ते जास्त चांगलंही दिसेल.

आता टांगणं. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर. वरच्या कडा जुळवू नका, मध्य जुळवा. हूकची उंची अशी काढायची: ५७ अधिक फ्रेमच्या उंचीचा अर्धा भाग, वजा ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. २८ इंच उंच फ्रेम, तार ४ इंच खाली: ५७ + १४ − ४ = ६७ इंच. अंतर मोजताना तार बोटाने वर ओढून मोजा, लोंबत्या तारेवर मोजलं की चित्र इंचभर खाली येतं.

डी-रिंग, म्हणजे तार अडकवायची डी आकाराची कडी, फ्रेमच्या उभ्या पट्टीत, वरून एक तृतीयांशावर. मागच्या हार्डबोर्डला कधीच नको, तो काचेच्या वजनाने सुटतो. सुतळी नको, नायलॉनची दोरी नको, ती ताणते. पिळाची स्टीलची तार घ्या. अर्जातच लिहा: डी-रिंग आणि तार नसलेलं काम स्वीकारलं जाणार नाही. तरीही दहा-बारा येणारच. म्हणून बुधवारच्या टेबलावर ४० डी-रिंग, २० मीटर तार, अर्धा इंची स्क्रूचं पाकीट आणि एक ड्रिल ठेवा.

उजवाड

हॉलच्या ट्यूबलाइटवर प्रदर्शन करू नका. ट्यूबचा उजेड सगळीकडे सारखा सांडतो आणि प्रत्येक काचेत एक पांढरी रेघ दिसते.

१२ वॉटचे एलईडी स्पॉट, ३० ते ३६ अंशांचा झोत, ३००० ते ३५०० केल्विन (उजेडाची उबदार छटा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. शेवटची गोष्ट खोक्यावर वाचून घ्या. बाजारातले स्वस्त स्पॉट ७०-८० चे असतात आणि त्यात लाल-तपकिरी रंग माती होतात. गोव्याच्या चित्रांत तांबड्या मातीचा रंग किती असतो ते सांगायला नको.

संच हॉलच्या मध्यावर असल्याने छतावरून झोत टाकणं कठीण. दिवा पॅनेलच्या डोक्यावरच बसवा, पुढे काढलेल्या दांडीवर. पॅनेल ९६ इंच, चित्राचा मध्य ५७, फरक ३९ इंच. झोत उभ्या रेषेशी ३० अंशांत हवा, म्हणजे दांडी साधारण २२ इंच पुढे. दांडी आखूड असली तर फ्रेमची सावली चित्रावर पडते आणि तैलरंगाचा प्रत्येक उंचवटा ओरडतो. लांब असली तर बघणाऱ्याची स्वतःची सावली पडते आणि काच चमकते.

दिवे मंद करून जलरंग, छापील काम, कापड यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, तैल आणि ॲक्रिलिकवर १५० ते २००. चार दिवसांत रंग उडणार नाही, पण एकाच संचावर दोन्ही लावलीत तर तैलाच्या झगमगाटात जलरंग विझल्यासारखा दिसतो. कागदावरची कामं एकत्र, हॉलच्या कमी उजेडाच्या बाजूला. खिडकीचं ऊन ३ नंतर कुठे येतं ते आदल्या आठवड्यात बघून तिथे जाड पडदा लावा. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अचूक नसतं, पण दोन ठिकाणांची तुलना करायला चालतं.

विजेचं: ६० दिवे गुणिले १२ वॉट म्हणजे ७२० वॉट, ३ अँपिअरच्या थोडं वर. एका सर्किटवर चालेल, तरी तीन भागांत वाटा, म्हणजे एक एमसीबी पडला तर सगळा अंधार होणार नाही. तार दीड चौरस मिमीची, आणि सुरुवातीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, कारण मुलं पॅनेलला हात लावणारच. वाटेतून तार गेली तर तिच्यावर रबरी पट्टी. नुसती चिकटपट्टी संध्याकाळपर्यंत उचकटते. वीज जाईल हे धरून दाराशी आणि मध्ये एकेक इमर्जन्सी दिवा.

कट्टर_पाणीरंग

दोन गोष्टी.

पहिली, कागदाची. आपल्याकडे कागद रोज श्वास घेतो. पहाटे दंव, दुपारी कोरडं. कागद चारही बाजूंनी चिकटवला की फुगायला जागा मिळत नाही आणि त्याला लाटा येतात. लोक काचेला किंवा कागदाला दोष देतात. फक्त वरच्या कडेला दोन छोट्या कागदी पट्ट्यांनी लटकवा, गव्हाच्या खळीने. सेलोटेप आणि फेव्हिकॉल दोन्ही नकोत: टेप पिवळी पडून कागदात उतरते, फेव्हिकॉल परत सुटत नाही. माउंट आम्लमुक्त, दोन ते अडीच इंच रुंद, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. टेकली तर आतली वाफ धरून तिथेच बुरशीचे ठिपके येतात. मागे एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) घालू नका, तो ओल पिऊन फुगतो. पन्हळी प्लास्टिकची शीट घाला, कडा कागदी टेपने बंद करा म्हणजे कसर आत जाणार नाही, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बुचं लावा म्हणजे पाठीमागे हवा खेळते. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट हलकी पडते, पण कोळसा किंवा पेस्टलवर नको, तिच्या स्थिर विजेने भुकटी उचलून शीटला चिकटते.

दुसरी, निवडीची. निवड समिती नकोच. समिती आली की शहरातले निम्मे लोक अर्जच आणत नाहीत. जो म्हापशात किंवा बार्देसात राहतो आणि वेळेत अर्ज देतो, त्याचं काम लागलं पाहिजे.

बार्देसची_बाई

कट्टर बाब, आणि मग १४० कामं आली की? छतापासून जमिनीपर्यंत लावणार? त्यात चांगलं काम दिसत नाही आणि कच्च्या कामाचीही थट्टा होते. ज्याचं काम गुडघ्याच्या उंचीवर लागलं तो पुढच्या वर्षी येत नाही, हेही धरा.

कट्टर_पाणीरंग

आकार बांधा. फ्रेमसकट ३६ बाय ३६ इंचांच्या वर नाही, आणि माणशी एकच.

बार्देसची_बाई

मग असं करा: माणशी एक काम नक्की लागेल, आकाराच्या मर्यादेत. अर्ज जागेपेक्षा जास्त आले तर आधी आलेला आधी, उरलेल्यांना पुढच्या वर्षी पहिला हक्क, आणि तसं अर्जावर छापलेलं असू द्या. उरलेल्या जागेसाठी प्रत्येकाने हवं तर दुसरं काम द्यावं, ते मात्र तिघांनी निवडावं. तिघांपैकी एक तरी शहराबाहेरचा, आणि निवडताना नावं झाकलेली. म्हणजे दार उघडंही राहतं आणि चांगल्या हाताला दोन जागाही मिळतात.

अर्जाची शेवटची तारीख प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी. अर्जात नाव, कामाचं नाव, माध्यम, वर्ष, फ्रेमसकट मापं (आधी उंची, मग रुंदी), किंमत किंवा "विक्रीसाठी नाही", आणि मोबाइलवर काढलेला एक फोटो. मापं हाताशी असली की मांडणी आधी कागदावर करता येते: एक फूट म्हणजे अर्धा इंच धरून चित्रांचे तुकडे कापा आणि टेबलावर सरकवत बसा. बुधवारी हॉलमध्ये साठ माणसं साठ मतं देत असताना हे होत नाही. त्या दिवशी काम देऊन प्रत्येकाने घरी जावं. मांडणीला सहाजण पुरतात, आल्तिन्यावरच्या कला महाविद्यालयातली मुलं मिळाली तर उत्तम.

लेबलं मराठी, कोकणी आणि इंग्रजीत, ३०० जीएसएमच्या जाड कार्डावर, किमान १८ पॉइंट. लोकांना खाली वाकायला लावणारं लेबल लिहूच नये. चित्राच्या उजवीकडे, जमिनीपासून ५० इंचांवर, सगळीकडे तीच उंची. नावांच्या स्पेलिंगची खात्री अर्ज देणाऱ्याकडूनच करून घ्या. डिसोझा आणि डिसूझा एक नव्हेत हे ज्याचं चुकतं त्यालाच कळतं.

काव_आणि_चुना

सगळी चर्चा फ्रेमच्या चौकोनात अडकली आहे. म्हापशातले अर्धे कलाकार चौकोनात काम करत नाहीत.

मूर्तिकारांकडून चवथीची तयार मूर्ती मागू नका, ती पूजेची वस्तू आहे आणि जानेवारीत असणारही नाही. त्यांच्याकडून मातीतला चेहरा, हात, पावलं, रंगाचे टप्पे दाखवणारे तीन-चार नमुने घ्या: कच्ची माती, वाळलेली, पांढरा हात दिलेली, रंगवलेली. डोळे आखलेला आणि न आखलेला चेहरा शेजारी ठेवा, गर्दी तिथेच होईल. नरकासुरवाल्यांचे मुखवटे दिवाळीच्या पहाटे जळतात, म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत त्यांना फक्त मुखवट्याची ऑर्डर द्या, बांबूचा सांगाडा उघडा ठेवलेला. मागून बघता आला पाहिजे.

वस्तू ठेवायचे चौथरे ३६ ते ४० इंच उंच, तळ किमान १५ बाय १५, आत चिऱ्याचा तुकडा किंवा वाळूची पिशवी. मातीची वस्तू चौथऱ्यावर नुसती ठेवू नका, खाली फोमची पातळ चकती. काचेचं झाकण नसेल तर चौथऱ्याभोवती दीड फुटावर जमिनीवर पट्टी मारा. दोरीपेक्षा पट्टी जास्त पाळली जाते.

शनिवारी एक प्रात्यक्षिक ठेवा, कावीचं, म्हणजे चुन्यावरचा तांबड्या मातीचा थर खरवडून काढायच्या नक्षीचं. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ते काम आहे, पण बार्देसातल्या निम्म्या लोकांनी ते हाताने कसं होतं ते पाहिलेलं नाही. एक फूट चौकोनी जाड फळीवर जाळी ठोकून चुना-वाळूचा ५-६ मिमी थर द्यायचा, चुना निदान दोन आठवडे भिजवून मुरलेला. वरून काव कालवलेल्या चुन्याचा मिलिमीटरभर तांबडा हात. तो अर्धवट आवळला, म्हणजे बोट टेकलं तर उमटतं पण चिकटत नाही, की टोकदार सळईने नक्षी खरवडायची. खालचा पांढरा उघडा पडतो. फार ओला असताना खरवडला तर कडा वाहतात, पूर्ण वाळल्यावर खरवडला तर ढलपे उडतात. म्हणून दर अर्ध्या तासाने एक फळी अशा अंतराने पाच-सहा फळ्या तयार ठेवा, म्हणजे कुणीतरी नेहमी नेमक्या वेळेची मिळते. मुलांच्या हातात हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. ओला चुना डोळ्यात गेला तर गंमत राहत नाही.

तीनरस्ते

देव बरें करूं सगळ्यांचं. कावीचं टेबल नक्की ठेवतो. आता पैशाचं कुणीतरी बोला. गॅलऱ्यांसारखं कमिशन घ्यावं का? एकच क्यूआर ठेवला तर चालेल?

हिशेबनीस

एकच क्यूआर ठेवा, पण तो कुणाच्या घरच्या बचत खात्याचा नको. चार दिवसांत त्या खात्यात लाखभर आले की पुढच्या वर्षी त्यालाच उत्तरं द्यावी लागतात आणि तोवर कुणाचे पैसे कुणाला गेले ते कुणाला आठवत नाही. संस्था नोंदवायची तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. मग पॅन आणि संस्थेचं खातं. या वर्षी तेवढा वेळ नसेल तर प्रत्येक लेबलाशेजारी त्या-त्या कलाकाराचा क्यूआर ठेवा आणि पैसे थेट त्याला जाऊ द्या. संस्थेने फक्त नोंद ठेवायची.

कमिशन पहिल्या वर्षी १० टक्क्यांच्या वर नको. खासगी गॅलऱ्या ३० ते ५० घेतात, पण त्या वर्षभर ग्राहक सांभाळतात. तुम्ही चार दिवस भिंत देता. जे घ्याल ते अर्जावर छापा. मालाच्या विक्रीची जीएसटी नोंदणीची मर्यादा गोव्यात वर्षाला ४० लाखांची आहे, बहुतेक कलाकार तिच्या खूप आत असतात. संस्था कमिशन घेते ती मात्र सेवा, तिची मर्यादा २० लाख.

पावतीपुस्तक तीन प्रतींचं: ग्राहक, कलाकार, संस्था. विकलेल्या कामाच्या लेबलावर लाल ठिपका, काम मात्र रविवारी संध्याकाळपर्यंत भिंतीवरच. आगाऊ रक्कम निम्मी घ्या. नुसत्या "ठेवून द्या, संध्याकाळी येतो" वर ठिपका लावू नका, नाहीतर खरा ग्राहक ठिपका बघून पुढे जातो.

काम घेताना समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो त्याच्यासमोर काढा आणि पोचपावतीवर "डावा कोपरा उडालेला" असं जे असेल ते लिहून दोघांची सही घ्या. परत देताना वाद होतात ते याच कोपऱ्यांवरून. विमा घ्यायचा तर घरातून उचलल्यापासून घरी पोचेपर्यंतचा घ्या. त्याला किमतींची यादी लागते, ती अर्जातून तयारच असेल.

आणखी एक. चित्र विकलं म्हणजे त्याचे छापण्याचे हक्क विकले असं होत नाही. १९५७ च्या कायद्याने ते कलाकाराकडेच राहतात, त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. तुम्हालाही पत्रकावर, कॅलेंडरवर चित्र छापायचं तर अर्जातच परवानगीचा वेगळा चौकोन ठेवा. सगळ्यांत मिसळलेली सही चालवू नका.

पडदा_उघडा

पॅनेलचं पटलं, हरलो. पण वर्षभर ती ठेवायची कुठे? तीस पॅनेल म्हणजे एक खोली. आणि तैलरंगवाले शेवटच्या रात्रीपर्यंत रंगवत बसतात, ते ओलं काम बांधून आणतात, त्याचं काय?

चौकटवाला

ओल्या तैलाचं आधी. पातळ थर हाताला आठवडा-दोन आठवड्यांत सुकतो, जाड थर महिनोन्‌महिने घेतो. वार्निश सहा महिन्यांच्या आत नकोच. बबलरॅपचे फुगे चित्राच्या बाजूला ठेवले की उकाड्यात त्यांचे गोल ठसे उमटतात, ॲक्रिलिकवरही. फुगे नेहमी बाहेरच्या बाजूला, आणि चित्राच्या तोंडाला काहीच टेकू द्यायचं नाही: चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड त्रिकोण, मग वेष्टण. अर्जात लिहा की काम प्रदर्शनाच्या किमान महिनाभर आधी पूर्ण झालेलं असावं. पाळणार नाहीत, पण नाकारायला आधार राहतो.

पॅनेल कडेवर उभी ठेवायची, आडवी एकावर एक नाही, खालची वाकतात. जमिनीपासून चार इंच वर, लाकडी पट्ट्यांवर. भिंतीपासून सहा इंच लांब, कारण चिऱ्याची भिंत पावसात ओल सोडते. वर प्लास्टिक गुंडाळू नका, आत वाफ धरून जुलैपर्यंत हिरवी होतात. जुनी सुती चादर टाका. पट्ट्यांच्या पायाला वाळवीचं औषध, आणि जून, ऑगस्ट, ऑक्टोबरात एकेकदा कुणीतरी जाऊन खालच्या कडा बघायच्या. मातीची बारीक नळी दिसली की लगेच खरवडून तेवढी जागा पुन्हा प्रायमर करा.

खोलीची चावी दोघांकडे असू द्या, आणि पॅनेल कुणी नेली, किती नेली, किती परत आणली याची एक वही चावीबरोबरच. बिजागऱ्यांचे पिन काढून वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर आकडा लिहून: तीन पॅनेलच्या संचाला दोन जोड, प्रत्येक जोडाला तीन बिजागऱ्या, दहा संचांचे ६० पिन. दर वर्षी चार-पाच हरवतात, म्हणून करतानाच ७० करून घ्या.

तीनरस्ते

जागा एका शाळेच्या स्टोअररूममध्ये मिळेल असं दिसतंय, पण दार सहा फुटी आहे. आठ फुटी पॅनेल तिरकं करून आत जाईल ना?

चौकटवाला

दारातून जाईल, आत वळवायला जागा आहे का ते बघा. दाराच्या समोरच्या भिंतीपर्यंत नऊ फूट मोकळे नसतील तर अडकेल. ३० पॅनेल करायच्या आधी ८ बाय ४ चा एक पुठ्ठ्याचा तुकडा नेऊन आत-बाहेर करून बघा. बसत नसेल तर उंची सात फूट करा. टांगायच्या आडव्या फळ्या तिथेच राहतील, दिव्याची दांडी मात्र उजवाडला विचारून पुन्हा काढा.

उजवाड

८४ वजा ५७ म्हणजे २७ इंच. ३० अंशांसाठी १५-१६ इंचांची दांडी. पण दिवा डोळ्याच्या जवळ येतो, उंच माणसाला चकाकेल. दिव्याला दोन इंचांची काळी झापड लावा.